शिल्लक बरोबर, तरी खाते धोक्यात
इन्सुलिनरोध ओळखणाऱ्या आणि त्यावर लक्ष ठेवणाऱ्या रक्ततपासण्या



बँकेच्या नोकरीत असताना एक काम माझ्या वाट्याला वारंवार येत असे. एखादे कर्जखाते बुडीत निघाले की त्याची जुनी फाइल काढायची, कागद तारखेप्रमाणे लावायचे आणि खाते नेमके केव्हापासून बिघडू लागले ते शोधायचे. उत्तर बहुतेक वेळा एकच निघे. खाते बुडाले त्या वर्षी नव्हे, तर त्याच्या पाच-सात वर्षे आधीच कागद बोलू लागलेले असत. ते वाचणारा मात्र कोणी नसे.

निवृत्तीनंतर अशी एक फाइल मला स्वतःच्या घरातच उघडावी लागली. माझे मोठे भाऊ, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणतो, त्यांचा धान्याचा घाऊक व्यापार. आज त्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी न्यावे लागते. मधुमेह आणि रक्तदाब या दोहोंनी मिळून मूत्रपिंडे निकामी केली. डॉक्टरांनी विचारले, "मधुमेह केव्हापासून?" दादा म्हणाले, "२०१४ पासून." वहिनींनी मात्र दुकानाच्या कागदांबरोबर दादांचे सगळे वैद्यकीय अहवाल एका पिशवीत जपून ठेवले होते. एका संध्याकाळी मी ते तारखेप्रमाणे लावले.

२००४ साली उपाशीपोटीची साखर ९२. २००७ मध्ये ९४, २०१० मध्ये ९७, २०१२ मध्ये १०४ आणि २०१४ मध्ये १३१. पहिल्या तिन्ही अहवालांत साखरेसमोर 'नॉर्मल' असे छापले होते, आणि ते नियमाप्रमाणे बरोबरही होते. त्याच अहवालांच्या दुसऱ्या पानावर मात्र ट्रायग्लिसराइड्स १८८, २०४, २२१ असे चढत गेले होते आणि एचडीएल ३७, ३६, ३४ असे उतरत गेले होते. त्या आकड्यांपुढे तारांकित खूण होती. तिचा अर्थ आम्ही सर्वांनी एवढाच लावला की तेल-तूप थोडे कमी करावे.

या तपासण्या वेळीच वाचल्या असत्या तर दादांची मूत्रपिंडे निश्चित वाचली असती, असे मी म्हणणार नाही. परंतु २००४ ते २०१४ ही दहा वर्षे आमच्या हाती होती आणि ती आम्ही 'नॉर्मल' या एका शब्दाच्या भरवशावर घालवली. त्या दहा वर्षांत शरीरात जे चालले होते त्याला इन्सुलिनरोध म्हणतात. तो ओळखावा कसा आणि त्यावर लक्ष कसे ठेवावे, हे डॉक्टरांना विचारून आणि वाचून मला जेवढे समजले तेवढे येथे मांडतो. मी वैद्य नाही. आकडे वाचण्याची सवय असलेला एक निवृत्त बँक अधिकारी आहे, एवढे ध्यानी घेऊन हा लेख वाचावा.

इन्सुलिनरोध म्हणजे काय?

आपण पोळी, भात, मिठाई काहीही खाल्ले की त्यातील पिष्टमय भागाची साखर होऊन ती रक्तात उतरते. ही साखर स्नायूंत आणि चरबीच्या पेशींत पोचवण्याचे, तसेच यकृताला स्वतःची साखर सोडण्यापासून आवरण्याचे काम इन्सुलिन करते. हे संप्रेरक स्वादुपिंडातून स्रवते. काही माणसांत स्नायू, यकृत आणि चरबी इन्सुलिनला पूर्वीइतका प्रतिसाद देईनासे होतात. मग तेच काम करून घेण्यासाठी स्वादुपिंड अधिक इन्सुलिन पुरवते. साखर ताब्यात राहते, परंतु पूर्वीच्या दीडपट, दुप्पट इन्सुलिन खर्ची घालून.

व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर असे. एका दुकानाची विक्री दरवर्षी तेवढीच आणि गल्ल्यातील शिल्लकही तेवढीच आहे. परंतु ती शिल्लक राखण्यासाठी मालक दरवर्षी कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून मागतो. केवळ गल्ला पाहणाऱ्याला दुकान उत्तम चालले आहे असेच वाटेल. धोका दिसेल तो कर्जाचा उतारा पाहणाऱ्याला. उपाशीपोटीची साखर म्हणजे गल्ल्यातील शिल्लक आणि इन्सुलिन म्हणजे ती राखण्यासाठी उचललेले कर्ज. ज्या दिवशी मर्यादा संपते, म्हणजे स्वादुपिंड थकते, त्या दिवशी साखर वाढते आणि आपण म्हणतो, "मधुमेह झाला."

ही कल्पना नवी नाही. इन्सुलिनचा शोध १९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे लागला. १९३६ साली लंडनचे डॉक्टर हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी दाखवून दिले की काही मधुमेही इन्सुलिनला चटकन प्रतिसाद देतात, तर काहींचे शरीर त्याला दाद देत नाही. मात्र रक्तातील इन्सुलिन मोजण्याची रीतच तेव्हा उपलब्ध नव्हती. ती न्यूयॉर्कमधील रोझॅलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी शोधून १९६० च्या सुमारास प्रसिद्ध केली. प्रौढ वयात मधुमेह झालेल्या अनेकांच्या रक्तात इन्सुलिन कमी नसून उलट भरपूर असते, हे तेव्हा प्रथम आकड्यांत दिसले. या कार्यासाठी यॅलो यांना १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. बर्सन तोवर निवर्तले होते. पुढे १९८८ मध्ये स्टॅनफर्डचे जेराल्ड रीव्हन यांनी इन्सुलिनरोध, चढलेला रक्तदाब, वाढलेले ट्रायग्लिसराइड्स आणि घटलेले एचडीएल ही एकाच कुटुंबातील भावंडे आहेत, असे मांडले. दादांच्या पिशवीतील कागदांवर ही सारी भावंडे एकत्र बसलेली होती.

हा बिघाड किती आधी सुरू होतो? लंडनमधील सरकारी नोकरांची वर्षानुवर्षे तपासणी करणारी 'व्हाइटहॉल' पाहणी प्रसिद्ध आहे. तिचा २००९ साली आलेला निष्कर्ष असा की मधुमेहाचे निदान होण्याच्या सुमारे पाच वर्षे आधीपासून इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद वेगाने घसरतो. स्वादुपिंड मध्यंतरी जास्तीचे काम करून तूट भरून काढते. उपाशीपोटीच्या साखरेची झपाट्याने होणारी वाढ मात्र शेवटच्या तीन वर्षांतच दिसते. म्हणजे केवळ साखर पाहणारा शेवटच्या टप्प्यात जागा होतो.

आपल्यासाठी ही गोष्ट अधिक महत्त्वाची का?

'मी जाड नाही, मला काय होणार?' असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या समजाला धक्का दिला. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र छापून आले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन तंतोतंत सारखे, म्हणजे बीएमआय २२.३. पण शरीरातील चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के! वरून सडपातळ आणि आतून चरबीयुक्त अशी ही भारतीय देहयष्टी आहे. पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेल्या बालकांच्या अभ्यासात तर असे आढळले की आपली बाळे इंग्लंडमधील बाळांपेक्षा वजनाने बरीच हलकी असूनही चरबीच्या बाबतीत तितकीशी मागे नसतात. म्हणजे ही ठेवण जन्मापासूनचीच आहे.

आयसीएमआरच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत आणि १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. त्यात आपले दिवसभर गादीवर बसून चालणारे व्यवसाय, दुकानातील साखरेचे चहा, समारंभांतील मिठाया आणि दुकान वाढवल्यावर रात्री उशिरा होणारे जेवण यांची भर पडते.

पहिली पायरी : हाती असलेला अहवाल वाचा

इन्सुलिनरोधाची पहिली चौकशी करण्यासाठी एक पैसाही लागत नाही. मोजपट्टी घ्यावी आणि बेंबीच्या पातळीवर, श्वास सहज सोडून, पोटाचा घेर मोजावा. भारतीय पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही सावधानतेची रेषा मानतात. मानेवर किंवा काखेत काळसर, मखमलीसारखी जाड त्वचा दिसत असेल तर ती मळ समजून घासत बसू नये, डॉक्टरांना दाखवावी. ती पुष्कळदा इन्सुलिनरोधाची खूण असते. मुलींची पाळी अनियमित असणे, पीसीओडीचे निदान, गरोदरपणी वाढलेली साखर, सोनोग्राफीत आढळलेले चरबीयुक्त यकृत, हीसुद्धा अशीच सूचक चिन्हे आहेत.

मग जुना लिपिड प्रोफाइल काढावा. त्यातील ट्रायग्लिसराइड्सच्या आकड्याला एचडीएलच्या आकड्याने भागावे. दोन्ही मिलिग्रॅममध्ये असताना हे गुणोत्तर साधारण ३ च्या वर गेले तर इन्सुलिनरोधाची शंका घ्यावी. दादांचा २००४ चा हिशेब १८८ भागिले ३७, म्हणजे ५ च्या वर होता. ही रेषा काटेकोर नाही आणि एवढ्यावरून निदान होत नाही. परंतु 'पुढची चौकशी करा' असे सांगण्यास ती पुरेशी आहे. ट्रायग्लिसराइड्स १५० च्या वर असणे, तसेच एचडीएल पुरुषांत ४० च्या आणि स्त्रियांत ५० च्या खाली असणे, हे प्रत्येक वेगळे घेतले तरी दखल घेण्याजोगेच आहे.

दुसरी पायरी : साखरेच्या तीन नोंदी

उपाशीपोटीची साखर १०० ते १२५ म्हणजे उंबरठा, १२६ किंवा अधिक म्हणजे मधुमेह. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी मोजलेली साखर १४० ते १९९ म्हणजे उंबरठा, २०० किंवा अधिक म्हणजे मधुमेह. तिसरी नोंद एचबीए१सीची. तांबड्या पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते आणि त्यांना चिकटलेल्या साखरेवरून मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे उंबरठा, ६.५ किंवा अधिक म्हणजे मधुमेह. लक्षणे नसतील तर एकाच आकड्यावर मधुमेहाचा शिक्का मारत नाहीत, दुसऱ्या तपासणीने खात्री करून घेतात.

आपल्या लोकांत पुष्कळदा उपाशीपोटीची साखर ठीक असते आणि जेवणानंतरची आधी बिघडते. म्हणून केवळ उपाशीपोटीच्या एका आकड्यावर विसंबू नये.

तिसरी पायरी : इन्सुलिन आणि होमा

आता कर्जाचा उतारा. उपाशीपोटी साखर आणि इन्सुलिन ही दोन्ही एकाच वेळच्या रक्तातून मोजतात. १९८५ साली ऑक्सफर्डच्या डेव्हिड मॅथ्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोहोंवरून इन्सुलिनरोधाचा अंदाज बांधण्याची रीत दिली. तिला होमा-आयआर म्हणतात. गणित सोपे आहे. इन्सुलिन (मायक्रोयुनिट प्रति मिलिलिटर) गुणिले साखर (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर), भागिले ४०५. इन्सुलिन ६ आणि साखर ९० असेल तर ५४० भागिले ४०५, म्हणजे सुमारे १.३. इन्सुलिन १८ आणि साखर तीच ९० असेल तर ४.० येतात. साखर दोघांची सारखीच, पण दुसऱ्याला ती राखण्यासाठी तिप्पट इन्सुलिन लागत आहे. अनेक डॉक्टर २.५ च्या पुढील आकडा संशयास्पद धरतात. सर्वांसाठी मान्य अशी एकच रेषा मात्र नाही.

येथे दोन सावधगिऱ्या सांगतो. पहिली अशी की इन्सुलिनच्या अहवालावर संदर्भमर्यादा पुष्कळदा अडीच ते पंचवीस अशी रुंद छापलेली असते. त्यामुळे १८ च्या आकड्यापुढेही 'नॉर्मल' येते. दुसरी अशी की निरनिराळ्या लॅबची यंत्रे आणि रसायने वेगळी असल्यामुळे एकीचा १० आणि दुसरीचा १० यांची तुलना होत नाही. याच कारणाने मोठ्या वैद्यकीय संस्था ही तपासणी सरसकट सर्वांना करायला सांगत नाहीत. संशोधनात इन्सुलिनरोध मोजण्याची सर्वांत प्रमाण पद्धत वेगळीच आहे. तीत काही तास शिरेतून इन्सुलिन आणि ग्लुकोज देत राहावे लागते, म्हणून ती नित्याच्या उपयोगाची नाही. होमा हा ताळेबंद नव्हे, अंदाजपत्रक आहे. पहिल्या दोन पायऱ्यांवर शंका आली आणि डॉक्टरांनी सुचवले, तर तो करावा. जे इन्सुलिनची इंजेक्शने घेतात त्यांच्यासाठी हे गणित लागू नाही. जुन्या मधुमेहात स्वादुपिंड थकल्यामुळे इन्सुलिनच कमी झालेले असते, तेथेही ते फसवे ठरते.

रक्त देताना

हिशेब चोख हवा तर मूळ नोंद चोख हवी. रक्त देण्यापूर्वी ८ ते १२ तास उपाशी असावे, चौदा तासांपलीकडे ताणू नये. आपल्यातील चौविहार पाळणाऱ्यांना सूर्यास्तापासून हे आपोआपच साधते. नवकारशीच्या आधी, सकाळी लवकर रक्त दिले म्हणजे नियमही राहतो आणि उपवास फार लांबतही नाही. इतरांनी साधे पाणी पिण्यास हरकत नाही, चहा मात्र नको. आदल्या दिवशी लग्नाची पंगत, जागरण किंवा नेहमीपेक्षा जास्त व्यायाम झाला असेल, अथवा ताप येऊन गेला असेल, तर तपासणी पुढे ढकलावी.

साखरेसाठी घेतलेले रक्त फ्लोराइड असलेल्या, सहसा राखाडी टोपणाच्या नळीत घेतात. कारण नळीत पडून राहिलेल्या रक्तातील पेशी साखर खात राहतात आणि आकडा खोटाच कमी दिसतो. इन्सुलिनच्या नमुन्यातील तांबड्या पेशी फुटल्या तर इन्सुलिनही कमी दिसते. म्हणून घरी येऊन रक्त नेणाऱ्याला 'नमुना लॅबमध्ये किती वेळात पोचेल?' असे अवश्य विचारावे. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असल्यास आधी सांगावे, काही यंत्रांत त्या इन्सुलिनचा आकडा बिघडवतात.

अठ्ठाईसारख्या दीर्घ तपश्चर्येनंतर लगेच या तपासण्या करू नयेत. अनेक दिवस पिष्टमय आहार पोटात गेला नसेल तर निरोगी माणसाचीही ग्लुकोज पिऊन केलेली तपासणी बिघडलेली दिसते. या तपासणीपूर्वी निदान तीन दिवस नेहमीचा आहार हवा, असा नियमच आहे. आमचे डॉक्टर पारण्यानंतर दोन आठवडे थांबायला सांगतात. आणि ज्यांना मधुमेहाची औषधे चालू आहेत त्यांनी कोणतीही मोठी तपश्चर्या आरंभण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. साखर एकाएकी उतरणे जिवावर बेतू शकते.

बी-१२ चा खाना रिकामा ठेवू नका

आपण शाकाहारी. बी-१२ हे जीवनसत्त्व आपल्याला जवळजवळ केवळ दूध-दह्यातून मिळते आणि ते अनेकांत कमी पडते. याचा आपल्या विषयाशी तिहेरी संबंध आहे. बी-१२ किंवा लोह कमी असून त्यामुळे रक्तक्षय असेल तर एचबीए१सी प्रत्यक्ष साखरेपेक्षा जास्त दिसू शकते. मधुमेहासाठी दिली जाणारी मेटफॉर्मिन ही गोळी दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ आणखी घटवते. तिसरी गोष्ट लेकीसुनांसाठी. डॉ. याज्ञिक यांच्या २००८ सालच्या निबंधानुसार, ज्या मातांमध्ये गरोदरपणी बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनरोध सर्वाधिक आढळला. म्हणून या तपासण्यांबरोबर हिमोग्लोबिन आणि बी-१२ पाहून घ्यावे. कमी आढळल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने ते भरून काढणे सोपे असते.

पुतण्याची फाइल

दादांची फाइल लावून झाली त्याच आठवड्यात मी पुतण्याला त्याचे अहवाल घेऊन बोलावले. वय ३८, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ६६ किलो. कोणीही त्याला सडपातळच म्हणेल.

"काका, माझे सगळे नॉर्मल आहे. साखर ९७ आहे," तो म्हणाला.

मी दादांचा २०१० चा कागद त्याच्यापुढे ठेवला. त्यावरही ९७ होते. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पुढे काय करायचे ते सांगा."

आम्ही डॉक्टरांकडे गेलो. पोटाचा घेर ९४, ट्रायग्लिसराइड्स २०६, एचडीएल ३५, एचबीए१सी ५.६. डॉक्टरांनी इन्सुलिन करवले, ते १८ आले. होमा ४.३. यकृतावर चरबी होती. औषध न देता त्यांनी सहा महिन्यांची मुदत दिली.

त्याने फार मोठे काही केले नाही. दुकानातील साखरेचे सहा चहा होते, त्यांचे बिनसाखरेचे दोन झाले. संध्याकाळच्या फरसाणाच्या जागी भाजलेले हरभरे आले. रात्री साडेदहाचे जेवण बंद होऊन घरचा डबा सूर्यास्तापूर्वी दुकानावर येऊ लागला. वहिनी म्हणाल्या, "सासूबाई सांगून थकल्या, ते लॅबच्या कागदाने झाले." ताटात भात निम्मा आणि मूग-मटकी दुप्पट. दोन्ही जेवणांनंतर वीस मिनिटे चालणे आणि आठवड्यातून तीनदा जोर-बैठका, कारण रक्तातील साखरेचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक म्हणजे स्नायू.

सहा महिन्यांनी त्याच लॅबमध्ये, त्याच वेळी, तितक्याच उपवासानंतर रक्त दिले. घेर ८९, साखर ९१, ट्रायग्लिसराइड्स १३२, एचडीएल ३९, इन्सुलिन साडेदहा, होमा २.४. वजन केवळ तीन किलोंनी उतरले होते. साखरेचा आकडा ९७ वरून ९१ झाला, हा फरक कोणाच्या डोळ्यांतही भरला नसता. सुधारणा दिसली ती इन्सुलिनच्या आणि ट्रायग्लिसराइड्सच्या रकान्यात. पुढच्या लग्नसराईनंतर ट्रायग्लिसराइड्स पुन्हा १६५ वर गेले, तेव्हा तो स्वतःच सावध झाला. नियमित नोंद ठेवण्याचा हाच लाभ आहे.

हा एका घरचा अनुभव झाला. पण चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासातही उंबरठ्यावरच्या लोकांत आहार आणि चालणे यांमुळे मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिनने घट झाली ती २६.४ टक्के. अमेरिकेतील २००२ च्या अशाच अभ्यासात जीवनशैलीतील बदलाने ५८ टक्के घट दिसली होती. लाभ निश्चित आहे, वेळीच आरंभ केला पाहिजे.

नोंदवही कशी ठेवावी?

घरातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीसाठी वहीचे एक पान राखावे. रकाने असे आखावेत : तारीख, लॅब, किती तासांचा उपवास, वजन, पोटाचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर, एचबीए१सी, ट्रायग्लिसराइड्स, एचडीएल, त्यांचे गुणोत्तर, एसजीपीटी, बी-१२, आणि केले असल्यास इन्सुलिन व होमा. घरात मधुमेह असेल तर तिशीपासूनच वर्षातून एकदा तपासणी करावी. बिघाड आढळून बदल सुरू केले असतील तर एचबीए१सी आणि लिपिड तीन महिन्यांनी, इन्सुलिन सहा महिन्यांनी पुरे. त्याआधी पुन्हा पुन्हा मोजण्याने चिंता वाढते, माहिती वाढत नाही. एकाच आकड्याने हुरळूनही जाऊ नये आणि घाबरूनही जाऊ नये. तीन-चार नोंदींचा कल पाहावा. आणि वही डॉक्टरांपुढे उघडावी, स्वतःच निर्णय घेऊ नये.

दिवाळीला आपण नव्या वहीचे पूजन करतो, जुन्या वहीची बाकी पुढे ओढतो आणि पै-पैचा मेळ लागल्याशिवाय उठत नाही. याच दिवसांत घरच्या सर्वांचे जुने अहवाल काढून एका वहीत उतरवून घ्यावेत, अशी माझी आपणास विनंती आहे. दादांनी परवा डायलिसिसला निघताना मुलाच्या वहीतील नवे आकडे मागून घेतले, चष्मा लावून पाहिले आणि म्हणाले, "माझीही अशी लिहिली असती." मला उत्तर देता आले नाही. आपल्या घरात हे वाक्य कोणाला म्हणावे लागू नये, म्हणून हा लेखप्रपंच.